फायबर लेझर मार्किंग मशीनचं गॅल्व्हो हेड कसं काढायचं आणि परत कसं बसवायचं

भोसरी, चाकण, वाळूज, अंबड, कुठल्याही एमआयडीसीत छोट्या शॉपमध्ये डोकावलं तरी आता एखादं २० किंवा ३० वॅटचं फायबर मार्किंग मशीन दिसतंच. पार्टवर क्यूआर, डेटा मॅट्रिक्स, सिरीयल नंबर, कुणाला लोगो. मशीन चालवायला दोन दिवसांत येतं, पण एखाद दिवशी मार्किंग वाकडं यायला लागतं नाहीतर नुसती आडवी रेघ उमटते आणि मग कुणीतरी म्हणतं हेड खोलून बघ. इथे नवीन माणूस अडकतो, कारण मॅन्युअलमध्ये हेडचं चित्र असतं आणि बाण असतात पण कुठला बोल्ट सोडायचा आणि कुठल्याला हातसुद्धा लावायचा नाही हे कुणी सांगत नाही. मी ही मशीनं उघडतो, साफ करतो, परत बसवतो, आणि ज्यांना हे काम पहिल्यांदा करायचंय त्यांच्यासाठी हे सगळं ओळीने लिहितोय.

सगळ्यात कॉमन सेटअप धरून लिहितोय, म्हणजे १०६४ नॅनोमीटरचा फायबर सोर्स, मोटरवर फिरणाऱ्या दोन आरशांनी बीम वळवणारं गॅल्व्हो हेड, खाली बीम सपाट टेबलावर फोकस करणारी एफ-थीटा लेन्स, आत एलएमसी हे कंट्रोल कार्ड आणि कॉम्प्युटरवर ईझीकॅड२ हे मार्किंगचं सॉफ्टवेअर. तुमचं मशीन सीओटू किंवा यूव्ही असेल तर हेड काढायची पद्धत साधारण तीच, पण गॉगल, लेन्स आणि आरशांचं कोटिंग वेगळं, ते ध्यानात ठेवा.

१. आधी ठरवा, हेड काढायची खरंच गरज आहे का

हे मी मुद्दाम पहिलं लिहितोय. मार्किंग फिकं येतंय म्हणून हेड काढणारे बरेच बघितलेत आणि शेवटी निघतं काय तर लेन्सच्या खालच्या काचेवर धुराचा थर. लेन्स पुसली, काम झालं. म्हणून आधी लक्षण नीट बघा.

सगळीकडे सारखंच फिकं येत असेल तर आधी फोकस तपासा, मग लेन्स, मग पॉवर सेटिंग. हेडचा नंबर सगळ्यात शेवटी.

चौकोन काढला आणि नुसती एकच रेघ उमटली, आडवी किंवा उभी, तर एका अॅक्सिसचा आरसा हलत नाहीये. मोटर गेली असेल, ड्रायव्हर कार्ड गेलं असेल किंवा आतला प्लग ढिला झाला असेल.

काहीही काढलं तरी एकाच जागी ठिपका जळतोय, तर दोन्ही आरसे हलत नाहीयेत. हेडची पॉवर सप्लाय तपासा आणि डीबी२५, म्हणजे हेडची २५ पिनांची सिग्नल केबल तपासा, बहुतेक वेळा तिथेच सापडतं आणि हेडला हात लावावा लागत नाही. फक्त असं दिसलं की मार्किंग लगेच थांबवा, कारण सगळी पॉवर एका बिंदूवर पडत राहते.

फील्डच्या, म्हणजे मार्किंग होतं त्या चौकोनी जागेच्या, एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला फिकं, तर दोन शक्यता. एक तर टेबल आणि हेड समांतर नाहीत, किंवा बीम आरशाच्या मध्यावर पडत नाहीये आणि कडेला कापला जातोय.

हेडमधून बारीक शिट्टीसारखा किंवा खरखर आवाज येतोय आणि अक्षरांच्या कडा थरथरल्यासारख्या, तर मोटर-ड्रायव्हरची गडबड. इथे हेड काढून रिपेअरला पाठवणंच बरं.

आरसा फुटलाय, आरशावर जळालेला डाग आहे, हेड बदलायचंय किंवा मशीन लांब शिफ्ट करायचंय, या कारणांसाठी मात्र हेड काढावंच लागतं.

२. काय काय जमवून ठेवायचं

कागदपत्रं आणि कॉम्प्युटरवरचं आधी. मशीनचं मॅन्युअल, वॉरंटीचं कार्ड आणि हेडवरच्या लेबलचा फोटो, ज्यावर मॉडेल आणि व्होल्टेज लिहिलेलं असतं. हेडवर सील स्टिकर असेल तर ते फाडायच्या आधी विकणाऱ्याला फोन करून विचारा, सील तुटलं की वॉरंटी संपली असं बऱ्याच ठिकाणी असतं आणि मग भांडून काही मिळत नाही. ईझीकॅडचं पूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करा, नुसत्या जॉब फाइल नकोत, आख्खं फोल्डर. त्यातल्या मार्कसीएफजी७ (markcfg7) नावाच्या फाइलमध्ये तुमच्या मशीनची सगळी सेटिंग असते आणि करेक्शन फाइल (फील्डची विकृती सुधारणारी) वापरत असाल तर ती वेगळी शोधून तीसुद्धा कॉपी करा. शिवाय एफ३ दाबून जे पॅरामीटर उघडतात त्यातल्या फील्डच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढा. हा एक फोटो पुढे फार कामाला येतो.

हत्यारांत: मिलिमीटरच्या एलन कीचा चांगला सेट, झिजलेला नको कारण बोल्टचं डोकं गोल झालं तर सगळं काम अडतं. मल्टीमीटर. व्हर्नियर. लहान स्पिरिट लेव्हल. मास्किंग टेप आणि बारीक मार्कर. दुकानातल्या बिलाचा थर्मल कागद, एक-दोन फूट. भट्टीची एखादी वीट. टॉर्च.

सफाईसाठी ९९ टक्क्यांचं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), लेन्स टिश्यू, हाताने दाबायचा रबरी ब्लोअर, पावडर नसलेले नायट्राइल हातमोजे, आणि झिपच्या स्वच्छ पिशव्या. मेडिकलमधलं ७० टक्क्यांचं स्पिरिट चालणार नाही, त्यात पाणी असतं आणि आरशावर डाग राहतात. शॉपमधल्या कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात नको. त्या हवेत तेल असतं, पाणी असतं, फिल्टर कितीही लावला तरी थोडं येतंच, आणि आरशावर बसलेला तेलाचा अंश लेझर पडला की जळतो आणि कोटिंग घेऊन जातो.

आणि गॉगल. १०६४ नॅनोमीटरसाठी असलेला, त्यावर ती रेंज आणि ओडी (ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजे तो लेझर किती अडवतो) ६ किंवा जास्त छापलेलं असलं पाहिजे. सीओटू मशीनबरोबर येणारा पारदर्शक चष्मा इथे काही उपयोगाचा नाही, ते प्लास्टिक १०.६ मायक्रॉनचा लेझर अडवतं पण १०६४ आरपार जातो.

३. सेफ्टी, आणि हा भाग वगळून पुढे जाऊ नका

ही मशीनं क्लास ४ मध्ये येतात, म्हणजे लेझरच्या सगळ्यात धोकादायक वर्गात. १०६४ चा बीम डोळ्याला दिसत नाही, पण डोळ्याची लेन्स त्याला नीट गोळा करून थेट पडद्यावर सोडते. दिसतच नाही म्हणून पापणी मिटत नाही, दुखतही नाही, आणि झालेली इजा भरून येत नाही. आरशासारख्या चकाकत्या स्टीलवरून परत आलेला बीमसुद्धा तेवढाच घातक.

आता हेड काढण्याशी याचा काय संबंध ते सांगतो. हेड जागेवर असतं तेव्हा बीम आरशांवरून वळून खाली टेबलाकडे जातो. हेड काढलं की बॉक्सच्या, म्हणजे हेड ज्याला लावलेलं असतं त्या आडव्या डब्याच्या, तोंडातून बीम सरळ आडवा बाहेर येतो, आणि मशीन टेबलावर असेल तर तो बरोबर खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर येतो. कुणी चुकून पायाचा पेडल दाबला, किंवा कॉम्प्युटरवर कंटिन्यूअस मार्क चालू राहिलं असेल, तर समोरून जाणाऱ्याचा डोळा गेला. त्यामुळे हेड निघालेलं असताना लेझर सोर्सला करंट असता कामा नये, नुसतं सॉफ्टवेअर बंद करून किंवा चावी फिरवून भागत नाही.

ओळीने असं करा: ईझीकॅड बंद, लेझरची चावी बंद करून चावी स्वतःच्या खिशात, इमर्जन्सी दाबून ठेवा, मेन स्विच बंद, आणि मग भिंतीतून प्लग काढून समोर दिसेल असा ठेवा. पेडलची वायर पण काढून ठेवा. पाचेक मिनिटं थांबा म्हणजे आतल्या सप्लायमधले कपॅसिटर उतरतील. शॉपमध्ये बाकीची माणसं असतील तर त्यांना सांगा की या मशीनला कुणी हात लावू नका, आणि मशीनवर कागद चिकटवा.

४. जागा आणि हवा

धूळ उडत नाही अशी जागा पाहिजे. शेजारी ग्राइंडर चालू असेल तर आज हे काम करू नका. पंखा बंद. टेबलावर स्वच्छ पांढरा कागद किंवा धुतलेला कपडा अंथरा, पडलेला बारीक स्क्रू पण दिसतो.

पावसाळ्यात एक जास्तीची काळजी. मशीन एसी केबिनमध्ये असेल आणि तुम्ही गार हेड उचलून बाहेरच्या दमट हवेत नेलं तर आरशांवर आणि लेन्सवर दव जमतं. कोकणात किंवा मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हे हमखास होतं. अशावेळी काम एसीतच करा, किंवा हेड पिशवीत बंद करून बाहेरच्या तापमानाला येऊ द्या आणि मगच उघडा.

५. खुणा आणि फोटो

एकही बोल्ट सोडायच्या आधी चारही बाजूंनी फोटो काढा. मग हेड जिथे बॉक्सच्या प्लेटला चिकटतं तिथे वर आणि बाजूला मार्करने एक-एक बारीक रेघ अशी मारा की ती अर्धी हेडवर आणि अर्धी प्लेटवर येईल. परत बसवताना रेघा जुळल्या पाहिजेत. केबलवर टेप लावून नाव लिहा, पॉवर, सिग्नल, रेड लाइट, जे असेल ते.

एक शेवटचं मार्किंग पण करून ठेवा, अर्थात मशीन चालू स्थितीत असेल तर, म्हणजे ही पायरी सेफ्टीच्या आधी करायची. काळ्या अॅनोडाइज्ड अॅल्युमिनियम कार्डवर किंवा प्लेटवर फील्डच्या साधारण ९० टक्के मापाचा चौकोन, त्याचे दोन कर्ण आणि मध्यात इंग्रजी एफ अक्षर. एफ कशाला, तर तो उलटा-सुलटा झाला की लगेच कळतो. टेबलावर प्लेट कुठे ठेवली होती तीही खूण करा. ही प्लेट जपून ठेवा, नंतर हिच्याशीच सगळं ताडून बघायचंय. आणि लेन्सच्या कडेपासून टेबलाच्या जॉबपर्यंतचं फोकसचं अंतर मोजून लिहून ठेवा.

६. लेन्स काढा

हेडच्या आधी लेन्स काढायची, लेन्ससकट हेड उतरवायचं नाही. लेन्स जड असते, खाली लटकलेली असते आणि हेड टेबलावर टेकवताना पहिला धक्का तिलाच बसतो.

एक हात खाली धरून दुसऱ्या हाताने फिरवा. बऱ्याच लेन्सना एम८५ चे बारीक आटे असतात, म्हणजे एका फेऱ्याला फक्त एक मिलिमीटर, त्यामुळे बराच वेळ फिरवावं लागतं आणि शेवटचा आटा सुटला की ती अचानक हातात येते. घट्ट बसली असेल तर रबरी हातमोजा घालून पकड घ्या, पक्कड किंवा पाइप पाना लावू नका, बॉडी लंबगोल झाली की ती लेन्स परत कधी नीट बसत नाही. निघाली की दोन्ही बाजूंना झाकण लावून पिशवीत. लेन्सवर फोकल लेंथ लिहिलेली असते, १६३ असेल तर साधारण ११० बाय ११० चं फील्ड, २५४ असेल तर १७५ बाय १७५. ती टिपून ठेवा.

लेन्स निघाल्यावर हेडच्या खालच्या भोकावर लगेच मास्किंग टेप लावून झाका.

७. केबल काढा

डीबी२५ ला दोन बाजूंना स्क्रू असतात, ते पूर्ण सोडवून मग सरळ बाहेर ओढा, हलवून-हलवून काढलं की पिन वाकतात. या केबलमधून कंट्रोल कार्ड हेडला आरशांची पोझिशन डिजिटल स्वरूपात पाठवतं, एक्सवाय२-१०० नावाच्या पद्धतीने. पॉवरचा कनेक्टर बहुतेक हेडमध्ये वेगळा असतो, काहींमध्ये याच केबलमधून येतो. मशीन चालू असताना यातलं काहीही काढायचं किंवा लावायचं नाही, ड्रायव्हर कार्ड उडायचं सगळ्यात सोपं कारण हेच.

८. हेड उतरवा

बहुतेक मशीनमध्ये हेड चार एलन बोल्टवर बॉक्सच्या पुढच्या प्लेटला आवळलेलं असतं. काही ठिकाणी बोल्ट बाहेरून दिसतात, काही ठिकाणी बॉक्सचं वरचं झाकण काढून आतून हात घालावा लागतो.

झाकण काढलंत तर आत तुम्हाला फायबरची पिवळी किंवा चिलखती केबल येऊन संपते ते जाड नळकांडं दिसेल, त्याच्या होल्डरवर चार-सहा स्क्रू असतील, आणि पुढे एक छोटी तिरकी काच असेल जी लाल पॉइंटरचा किरण लेझरच्या रेषेत आणते. या तिन्हीला हात लावायचा नाही. होल्डरचे स्क्रू म्हणजे बीमची दिशा. ते हलले नाहीत तर हेड परत बसवल्यावर बीम जवळजवळ आपोआप मध्यावर येतो. ते हलले तर दिवसभर अलाइनमेंट करत बसावं लागेल. हात घालताना फायबर केबलवर टेकू नका, तिला ओढू नका, आणि २० सेंमी त्रिज्येपेक्षा लहान गोलाईत वाकवू नका. आत काचेचा धागा आहे, तुटला तर रिपेअर सोपं नाही आणि महाग पडतं.

आता बोल्ट. चारही थोडे-थोडे ढिले करा, आधी खालचे दोन पूर्ण काढा, मग दुसऱ्या माणसाला दोन्ही हातांनी हेड धरायला सांगा आणि मग वरचे दोन काढा. एकट्याने करत असाल तर हेडखाली पुस्तकं किंवा लाकडी ठोकळे रचून आधार द्या आणि मशीनचा कॉलम खाली आणून हेड त्यावर टेकवा. हेड सरळ पुढे ओढायचं, तिरकं नाही.

निघालं की लगेच दोन भोकं झाकायची, हेडचं मागचं जिथून बीम आत येतो आणि बॉक्सचं पुढचं जिथून बीम बाहेर येतो. बॉक्सच्या भोकावर नुसती टेप पुरेशी नाही, वर पत्र्याचा एक तुकडा पण बांधा. प्लेटमध्ये पातळ शिम किंवा वॉशर असतील तर कुठल्या बोल्टखाली कुठलं होतं ते तसंच टेपने चिकटवून ठेवा.

९. आरसे तपासा आणि साफ करा

हातमोजे घाला. हेड उताणं ठेवून खालच्या भोकातून टॉर्च तिरका मारून बघा. दोन आरसे दिसतील, बीम आधी लहान आरशावर पडतो, मग त्यावरून मोठ्यावर. सरळ बघितलं तर सगळं स्वच्छ वाटतं, टॉर्च जवळजवळ आरशाला समांतर धरला की खरी धूळ दिसते. धुळीचे कण असतील तर ते पांढरे चमकतात आणि ब्लोअरने हलतात. जळालेला डाग हलत नाही, कडेने बारीक तपकिरी वलय असतं आणि मध्ये कोटिंग उडालेलं. असा डाग पुसून जात नाही, आरसा बदलावा लागतो, आणि तो आरसा तसाच वापरला तर डाग वाढत जातो कारण तिथे लेझर परतायच्या ऐवजी मुरतो.

पॉवर नसताना आरसे सैल असतात, बोट लागलं की फिरतात. थोडं फिरलं तर काही होत नाही पण शेवटच्या स्टॉपवर जोराने आपटू देऊ नका.

सफाई अशी. आधी ब्लोअरने चार-पाच फुंकरा, तोंडाने फुंकायचं नाही, थुंकीचे तुषार जातात. एवढ्यावर साफ झालं तर इथेच थांबा, आरशाला जेवढा कमी स्पर्श तेवढा तो जास्त टिकतो. नाहीच निघालं तर नवीन टिश्यूची घडी, तिच्या कडेला आयपीएचे दोन थेंब, ओघळणार नाही इतकेच, आणि आरशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलक्या हाताने एकदाच ओढायची. दाब द्यायचा नाही, टिश्यूचं स्वतःचं वजन पुरे. तो टिश्यू टाकून द्या, दुसऱ्यांदा नवीन. गोल-गोल घासायचं नाही, मागे-पुढे करायचं नाही. बनियनचा कपडा, मोबाईलचा वाइप, कॉटन वेस्ट, यातलं काहीही नको.

आणि तीन गोष्टी ज्या करायच्या नाहीत. आरसा ज्या शाफ्टवर बसतो त्याचा छोटा क्लॅम्प स्क्रू सोडायचा नाही, तो सुटला की आरशाचा शून्य कोन गेला. आरसा अर्धा अंश हलला तर बीम एक अंश हलतो, १६३ च्या लेन्सखाली ते जवळजवळ २.८ मिलिमीटर होतात, यावरून अंदाज घ्या. दुसरं, ड्रायव्हर कार्डवर छोटे पितळी स्क्रूचे ट्रिमर असतात, काहींवर रंगाचा ठिपका देऊन सील केलेलं असतं, ते फिरवू नका. तिसरं, एक्स आणि वायची मोटर-कार्ड अदलाबदल करून फॉल्ट शोधायचा मोह होतो, पण प्रत्येक कार्ड त्याच्या त्याच्या मोटर-आरशासाठी ट्यून केलेलं असतं आणि अदलाबदलीत दोन्ही जाऊ शकतात.

हेड रिपेअरला पाठवायचं असेल तर सगळी भोकं टेपने बंद, आधी झिपच्या पिशवीत सिलिका जेलसोबत, मग बबल रॅप, मग चारही बाजूंनी किमान तीन बोटं फोम असलेल्या खोक्यात. आरसे फिरतात त्या जागेत फोम कोंबू नका, ते दाबले जातात.

१०. परत बसवा

भोकांवरच्या टेप आणि पत्रा काढा, दोन्ही जोडाच्या सपाट बाजू आयपीएने पुसा आणि बोटाच्या टोकाने चाचपून बघा. एखादा धातूचा बारीक कण मध्ये अडकला तर हेड एका बाजूला उचललं जातं आणि मग तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये अँगल फिरवत बसता. शिम असतील तर जिथले तिथे.

हेड सरळ मागे सरकवून टेकवा, चारही बोल्ट आधी नुसत्या बोटांनी लावा. आटे सहज धरले नाहीत तर जोर करू नका, अॅल्युमिनियमच्या बॉडीतले आटे गेले तर हेड कायमचं ढिलं राहतं. मग मार्करच्या रेघा जुळवा आणि तिरके तिरके आवळा, म्हणजे वरचा डावा, खालचा उजवा, वरचा उजवा, खालचा डावा, दोन-तीन फेऱ्यांत थोडं-थोडं. एलन कीचा छोटा दांडा हातात धरून जेवढा जोर लागतो तेवढाच बस.

शेवटच्या आवळणीआधी हेडच्या खालच्या सपाट भागावर आणि टेबलावर स्पिरिट लेव्हल लावून दोन्ही सारखे आहेत का बघा. हेड बीमच्या भोवती अर्धा अंश जरी फिरलेलं राहिलं तरी ११० च्या फील्डमध्ये एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत उंचीत जवळजवळ एक मिलिमीटरचा फरक येतो. मोठ्या लोगोत तो दिसणार नाही कदाचित, पण बारीक डेटा मॅट्रिक्समध्ये स्कॅनर रीड करत नाही, आणि सोन्यावर सहा अक्षरी एचयूआयडी (हॉलमार्कचा नंबर) टाकणाऱ्यांना तर तो लगेच त्रास देतो.

११. करंट देण्याआधी मल्टीमीटर

हेडची केबल अजून लावू नका. प्लग लावा, लेझरची चावी बंदच, फक्त गॅल्व्होची सप्लाय चालू करा आणि हेडकडे येणाऱ्या पॉवर कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. बहुतेक हेड प्लस-मायनस १५ व्होल्टची असतात, म्हणजे मधल्या शून्यापासून एका पिनवर प्लस १५, दुसरीवर मायनस १५, आणि दोघांमध्ये ३०. काही नवीन हेड २४ व्होल्टची असतात, म्हणून लेबलचा फोटो काढायला सांगितला होता. दुसरं हेड बसवत असाल तर ही पायरी जास्तच महत्त्वाची, कनेक्टर सारखा दिसतो म्हणून पिनांचा क्रम सारखा असेलच असं नाही. उलटी पोलॅरिटी गेली की कार्ड त्याच क्षणी खलास.

बरोबर असेल तर परत सगळं बंद, थांबा, मग केबल लावा, डीबी२५ चे दोन्ही स्क्रू आवळा. अर्थिंगची वायर काढली असेल तर विसरू नका.

१२. लेन्सशिवाय बीम तपासा

गॉगल घाला, आणि खोलीत असलेल्या प्रत्येकाने घालायचा नाहीतर बाहेर जायचं. टेबलावर भट्टीची वीट ठेवा, चकाकणारी प्लेट नाही. हेडच्या खालच्या भोकावर थर्मल कागद ताणून टेपने लावा आणि भोकाचा मध्य पेनाने खूण करा.

आता मशीन चालू, गॅल्व्हो चालू. आरसे जागेवर येताना हलकीशी टक् ऐकू येते आणि मग शांत झालं पाहिजे. सतत शिट्टी येत असेल तर लगेच बंद करा आणि केबल तपासा. ईझीकॅडमध्ये फील्डच्या बरोबर मध्यात एक ठिपका, पॉवर १० ते १५ टक्के, एक सेकंदापेक्षा कमी वेळ. गॅल्व्होला करंट असतानाच हे करायचं, नाहीतर आरसे सैल असतात आणि बीम कुठेही जातो.

कागदावर काळा गोल उमटेल. पूर्ण गोल आणि मध्याच्या आसपास असेल तर उत्तम, पुढे चला. अर्धचंद्र किंवा एका बाजूने कापलेला दिसला तर बीम आरशाच्या कडेवर किंवा आतल्या भोकाच्या कडेवर घासतोय. आधी हेड काढून खुणा आणि जोडाच्या बाजू परत तपासा, बहुतेकदा तिथेच सापडतं. होल्डरचे स्क्रू फिरवायची वेळ आलीच तर ते काम अनुभवी माणसाला बोलवून करून घ्या.

इथे लाल पॉइंटरवर विसंबू नका. लाल किरण वेगळ्या डायोडमधून येतो, तो मध्यावर दिसला म्हणजे लेझर मध्यावर आहे असं होत नाही.

१३. लेन्स, फोकस, माप

सगळं बंद करून लेन्स बसवा. आटे बारीक असल्यामुळे तिरके चढायची भीती असते, म्हणून आधी उलट्या दिशेला हळू फिरवा, आटा जागेवर पडल्याचं हाताला जाणवतं, मग सुलट फिरवा. हाताने घट्ट, बस.

फोकस टिपून ठेवलेल्या अंतरावर आणा आणि त्याच्या वर-खाली थोडं-थोडं करत टेस्ट मारा, जिथे आवाज सगळ्यात कडक आणि ठिणगी सगळ्यात प्रखर ती जागा.

आता जुन्या प्लेटच्या खुणेवर नवीन प्लेट ठेवून तोच चौकोन, कर्ण आणि एफ मारा. एफ उलटा आला तर एफ३ मधल्या फील्डच्या पानावर त्या गॅल्व्होचं उलट करायचं टिक बदला. आडवं-उभं अदलाबदल झालं असेल तर एक्स कुठला गॅल्व्हो ते बदला. त्याच हेडवर हे सहसा होत नाही, नवीन हेडवर होतं.

मग व्हर्नियरने चारही बाजू आणि दोन्ही कर्ण मोजा. बाजू बाहेर किंवा आत फुगल्या असतील, कर्ण सारखे नसतील, तर आधी ते विकृतीचे आकडे नीट करा आणि त्यानंतरच स्केलला हात लावा, उलट क्रमाने केलं तर माप परत बिघडतं. बाजू सरळ झाल्यावर माप कमी येत असेल तर स्केलचा टक्का वाढवा, जास्त येत असेल तर कमी करा. एक्स वेगळा, वाय वेगळा. चौकोन सरळ आहे पण टेबलाला तिरका, तर अँगलचा आकडा आहेच, पण एखाद अंशापेक्षा जास्त तिरका असेल तर हेडच वाकडं बसलंय, बोल्ट ढिले करून परत बसवा.

लाल पॉइंटरची चौकट आणि खरं मार्किंग कडेला थोडं वेगळं पडतं, कारण लेन्स १०६४ साठी बनवलेली असते आणि लाल रंग तिच्यातून वेगळा वळतो. पूर्वी जेवढा फरक होता तेवढाच आता असेल तर त्याला छेडू नका.

सगळं जमलं की नवीन पॅरामीटरचा फोटो, फोल्डरची नवीन कॉपी, आणि प्लेटच्या मागे तारीख. रोजच्या जॉबला सुरुवात करताना पहिले काही पीस स्क्रॅपवर काढा, फिक्स्चरचं ऑफसेट किंचित हललेलं असू शकतं. आठवडाभराने मशीन गरम-गार होऊन झाल्यावर, प्लग काढून, चारही बोल्ट एकदा हलक्या हाताने तपासा.